उताऱ्यावरचं पिवळं प्रश्नचिन्ह

पीककर्जाचे दिवस आले की मोंढ्याजवळच्या आमच्या केंद्रात कुणी ना कुणी कागद फडकावत येतंच, "भाऊ, १५ रुपये भरून डिजिटल सहीचा सातबारा काढला अन् तो खोटा निघाला." सहीच्या चौकटीत पिवळं प्रश्नचिन्ह, शेजारी 'सिग्नेचर नॉट व्हेरिफाइड'. सातबारा खोटा नसतो. ती सही खरी की खोटी, हे संगणकाला अजून ठरवता आलेलं नसतं, एवढंच.

डिजिटल सहीचं प्रमाणपत्र परवानाधारक संस्था देते. त्या संस्थांवर माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० नुसार नेमलेला नियंत्रक असतो. त्याचं मूळ प्रमाणपत्र म्हणजे 'सीसीए इंडिया'. पीडीएफ फाईल उघडणाऱ्या अ‍ॅडोबी रीडरच्या ओळखीच्या यादीत ते बऱ्याचदा नसतं. नव्या तलाठ्याला गावात पहिल्या दिवशी कोण ओळखतं? तसंच हे.

ओळख करून द्यायची तर मोबाइल नको, संगणक घ्या. नेट चालू ठेवून फाईल अ‍ॅडोबी रीडरमध्ये उघडा. सहीवर उजवं क्लिक करून 'सिग्नेचर प्रॉपर्टीज', मग 'शो सायनर्स सर्टिफिकेट'. डावीकडच्या यादीत सगळ्यात वरचं 'सीसीए इंडिया' निवडा, 'ट्रस्ट'मध्ये जाऊन 'अ‍ॅड टू ट्रस्टेड सर्टिफिकेट्स' दाबा. शेवटी 'व्हॅलिडेट सिग्नेचर'. हिरवी खूण आली की प्रिंट काढा. वर दुसरंच नाव दिसलं तर काही जोडू नका, आधी आम्हाला दाखवा.

लाल फुली मात्र गंभीर घ्या. सही झाल्यावर फाईल बदलली, असा बहुतेक वेळा तिचा अर्थ. दर वेळी लबाडीच असते असं नाही. एका ग्राहकाने सातबारा, आठ अ आणि आधार एकत्र जोडून फाईल लहान केली. फुली सोडा, सहीच उडाली. फाईल व्हॉट्सअ‍ॅपवर 'डॉक्युमेंट' म्हणूनच पाठवा, फोटो काढून नको.

जुन्या उताऱ्यावर प्रमाणपत्राची मुदत संपल्याचा इशारा दिसला तर नवा उतारा काढा. बँकेला तसाही ताजाच लागतो.

अन् हिरवी खूण आली म्हणून आतला मजकूर न वाचता घरी जाऊ नका. सही कुणाची आणि सहीनंतर फाईल तशीच आहे का, एवढंच ती सांगते. वारसाचं नाव सुटलं असेल तर ते तिच्यासकट सुटलेलंच राहतं. त्यासाठी तलाठी कार्यालयच गाठावं लागेल.

प्रश्नचिन्ह घालवायचे पैसे आम्ही घेत नाही. येताना मूळ फाईल पेन ड्राइव्हवर आणा, छापील कागदावरून सही तपासता येत नाही.