धाकामुळे चुका खरोखर कमी होतात का?

‘साहेबांचा धाक असला की चुका कमी होतात’ हा समज वर्षानुवर्षे फिरतो आहे, आणि चुकांची नोंदवही कोरी दिसत असल्याने तो पटतोही. मात्र १९९० च्या दशकात अमेरिकेतील रुग्णालयांत औषधे देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास झाला, तेव्हा मोकळ्या वातावरणाच्या गटांतच अधिक चुका नोंदलेल्या आढळल्या. याचा उलगडा असा की, तेथील परिचारिका त्या न घाबरता सांगत होत्या. इतरत्र त्या दडवल्या जाण्याची शक्यता अधिक, आणि रुग्णाच्या दृष्टीने हेच सर्वांत घातक आहे.

पडताळा घ्यायचा असल्यास आपल्या विभागातील मागच्या पाच चुका आठवाव्यात: त्या करणाऱ्याने आपणहून सांगितल्या, की ग्राहकाच्या तक्रारीतून कळल्या? आणि सांगणाऱ्याला पहिला प्रश्न ‘कोणी केले?’ असा आला, की ‘नेमके काय घडले?’ असा?