डिजिटल म्हणजे एचडी नव्हे

टीव्हीवर स्वच्छ चित्र दिसलं की ‘डिजिटल आहे ना’ असं सहज म्हटलं जातं. डिजिटल प्रक्षेपण आलं म्हणजे एचडी दिसणारच, असंही अनेक जण धरून चालतात. या गोंधळापायी लोक चांगला चालणारा टीव्ही काढून टाकतात, म्हणून हा फरक नीट कळायला हवा. सिग्नल कोणत्या पद्धतीने पाठवला जातो, ही डिजिटलची बाब. चित्रात बारकावे किती, ही एचडीची.

एकाशिवाय दुसरं असू शकतं. जपानच्या एनएचके या सार्वजनिक प्रसारण संस्थेने 1989मध्ये उपग्रहावरून 1125 आडव्या रेषांच्या ‘हाय-व्हिजन’चं प्रायोगिक प्रक्षेपण सुरू केलं. चित्र एचडी, पण हवेतून येणारा सिग्नल ॲनालॉग, म्हणजे डिजिटलच्या आधीच्या जुन्या पद्धतीचा! उलट ब्रिटनमध्ये 1998मध्ये टॉवरवरून डिजिटल प्रक्षेपण सुरू झालं, तेव्हा चित्र जुन्याच 576 रेषांचं होतं. तिथे टॉवरवरून एचडी यायला 2009 उजाडलं.

मग दोन्हींची सांगड का बसली? कारण हवेतल्या लहरींमध्ये जागेची टंचाई. अमेरिकेत एका चॅनेलच्या वाट्याला 6 मेगाहर्ट्झ इतकाच लहरींचा पट्टा येतो. ॲनालॉगमध्ये त्यात एकच साधा कार्यक्रम मावायचा. डिजिटलमध्ये त्याच जागेतून सेकंदाला सुमारे 19 मेगाबिट जातात. स्टुडिओतलं कच्चं एचडी चित्र मात्र सेकंदाला दीड गिगाबिटच्या घरात असतं. ते मावतं, कारण एन्कोडर, म्हणजे चित्र आक्रसून लहान करणारं यंत्र, प्रत्येक फ्रेम पूर्ण पाठवत नाही. आधीच्या फ्रेमपेक्षा जे बदललं, प्रामुख्याने तेवढंच पाठवतो. म्हणजे डिजिटलमुळे एचडी परवडू लागलं, सक्तीचं झालं नाही. त्याच जागेत एक एचडी चॅनेल द्यायचं की चार-पाच साधी चॅनेल कोंबायची, हे प्रक्षेपक ठरवतो. माझ्या मते प्रेक्षकाची सगळ्यात मोठी निराशा इथेच होते.

बिघाड ओळखतानाही हा फरक उपयोगी पडतो. ॲनालॉग सिग्नल कमजोर झाला की पडद्यावर मुंग्या यायच्या, तरी सामना कसाबसा दिसायचा. डिजिटलमध्ये चित्र शेवटपर्यंत ठणठणीत असतं आणि मग एकदम चौकोन फुटतात, आवाज तुटतो, पडदा काळा पडतो. पण आवाज स्वच्छ आहे आणि फक्त पळापळीच्या दृश्यात चौकोन दिसतात, असं असेल तर अँटेनाला दोष देऊ नका. बहुधा चॅनेलला बिटच कमी दिलेले असतात.

जुन्या टीव्हीचं काय? अमेरिकेत 12 जून 2009 रोजी मोठ्या केंद्रांचं ॲनालॉग प्रक्षेपण थांबलं, तेव्हा सरकारने कन्व्हर्टर बॉक्ससाठी 40 डॉलरची कूपन दिली होती. बॉक्स जोडला की जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही डिजिटल प्रक्षेपण दाखवू लागे. मूळ कार्यक्रम एचडी असला, तरी चित्र मात्र साधंच.

आपल्याकडे नेमकं काय येतंय हे पाहायचं असेल, तर रिमोटवरचं ‘इन्फो’ बटण दाबा. बऱ्याच टीव्हींवर 576आय, 720पी किंवा 1080आय असा रेषांचा आकडा झळकतो; 576 म्हणजे साधं, 720 आणि 1080 म्हणजे एचडी. सेट टॉप बॉक्स असेल तर त्याच्या सेटिंगमुळे हा आकडा बदललेला असू शकतो, म्हणून चॅनेलची माहिती बॉक्सच्या मेनूतही बघा. मूळ चॅनेल 576चंच असेल, तर 4के टीव्ही ते नुसतं ताणून दाखवतो. त्याला महागडी केबल लावून काही फरक पडत नाही. त्या चॅनेलची एचडी आवृत्तीच लावावी लागते.