पार्श्वभूमी : चिकटलेली पिशवी आणि भराभर बरे होणारे प्राणी

ठाण्यात नौपाड्यात, घोडबंदर रोडवर किंवा खाडीपलीकडे वाशी-नेरूळला वंध्यत्वाच्या दवाखान्यात फाइल घेऊन बसलेल्या अनेक जणींना "अस्तर वाढत नाहीये" हे ऐकावे लागते. काहींच्या दुर्बिणीच्या रिपोर्टात त्यापुढे 'अॅढेजन्स' लिहिलेले असते, म्हणजे गर्भपिशवीच्या भिंती आतून एकमेकींना चिकटल्या आहेत. मग पीआरपी (स्वतःच्याच रक्तातून वेगळा केलेला प्लेटलेट्सचा भाग), जेल, स्टेम सेल अशी नावे निघतात आणि "प्राण्यांमध्ये रिझल्ट चांगले आहेत" असेही सांगितले जाते. ते प्राणी कोणते होते आणि त्यांच्या पिशवीत मुळात जखम कशी केली होती, हे सहसा कोणी सांगत नाही, आणि कोणी विचारतही नाही.

आजाराची पहिली नोंद 1894 ची. हाइनरिख फ्रिच या जर्मन डॉक्टरने बाळंतपणानंतर क्युरेटिंग झालेल्या आणि त्यानंतर पाळीच बंद पडलेल्या एका स्त्रीबद्दल लिहिले. आजाराला नाव मिळाले ते मात्र जोसेफ अॅशरमन यांचे. तेल अवीवमध्ये काम करणाऱ्या या स्त्रीरोगतज्ज्ञाने 1948 मध्ये अशा 29 स्त्रियांची माहिती प्रसिद्ध केली. त्या लेखाचा भर पिशवीच्या तोंडाशी झालेल्या अडथळ्यावर होता. दोन वर्षांनी, 1950 मध्ये, त्यांनी पिशवीच्या आत तयार होणारे पडदे एक्स-रेच्या आधारे दाखवले. कारण बहुतेकींत एकच होते. बाळंतपण किंवा गर्भपातानंतर राहिलेला भाग काढायला पिशवी खरवडली गेली होती.

खरवडल्याने एवढे का बिघडावे, हे समजायला अस्तराची रचना पाहावी लागते. दर महिन्याला गळतो तो वरचा थर, आणि तो पुन्हा उगवतो खालच्या, स्नायूला लागून असलेल्या थरातून. गवत कापले तर परत येते, मुळासकट खणले तर जागा उघडी पडते, तसा हा प्रकार आहे. बाळंतपणानंतरच्या काही आठवड्यांत पिशवी मऊ असते आणि शरीरात इस्ट्रोजेन कमी असते. त्या काळात क्युरेट (खरवडायचे अवजार) खोल गेली तर खालचा थर जातो आणि तिथे तंतुमय ऊती भरते.

आता प्राण्यांकडे. पिशवीला मुद्दाम जखम करण्याचे प्रयोग या आजाराला नाव मिळण्याच्या कितीतरी आधी झाले होते, पण प्रश्न वेगळाच होता. 1908 च्या सुमारास लिओ लोएब या संशोधकांनी योग्य दिवस साधून गिनिपिगच्या पिशवीला छेद दिले. तिथे व्रण राहिला नाहीच, उलट गर्भ रुजताना वाढते तशी गाठ तयार झाली. म्हणजे योग्य संप्रेरके असतील तर या प्राण्यांची पिशवी जखमेला गर्भाची चाहूल समजते. पुढे ज्यांनी उंदरात 'अॅशरमन' घडवायचा प्रयत्न केला, त्यांना सगळ्यात आधी याच गुणाशी झगडावे लागले.

दुसरी अडचण त्याहून मोठी. उंदीर, घूस (इथे घूस म्हणजे प्रयोगशाळेतला मोठा उंदीर, रॅट), ससा, गिनिपिग यांना पाळी येत नाही. उंदराचे चक्र चार-पाच दिवसांचे असते, त्यात अस्तर जाड-पातळ होते, पण रक्तस्राव होऊन गळत नाही. पाळी येते ती माणसाला, चिंपांझीसारख्या वानरांना, आशिया-आफ्रिकेतल्या माकडांना, काही वटवाघळांना आणि अगदी मोजक्या इतर प्राण्यांना. म्हणून पाळीचा अभ्यास माकडांवर झाला. अमेरिकेत बाल्टिमोरच्या कार्नेगी संस्थेत 1925 पासून ऱ्हीसस माकडांची वसाहत होती, आणि ऱ्हीसस म्हणजे आपल्याकडचे लाल तोंडाचे माकड. 1940 मध्ये मार्की या संशोधकांनी अशा माकडांच्या पिशवीच्या अस्तराचे बारीक तुकडे त्यांच्याच डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात रुजवले आणि पारदर्शक बुबुळामधून प्रत्यक्ष पाळी पाहिली. अस्तर आक्रसते, रक्तवाहिन्या आवळतात, मग रक्त येते, हा क्रम त्यांनी डोळ्यांदेखत टिपला. प्रयोग क्रूर वाटतो, मलाही वाटतो. पण पाळीच्या वेळी अस्तराचे काय होते, याबद्दल पाठ्यपुस्तकात जे छापले गेले, त्याचा बराचसा पाया तोच आहे.

व्रणाचा प्रश्न थेट हाती घेतला तो जेरुसलेमच्या शेंकर आणि पोलिशुक यांनी, सशांवर. त्यांच्या गटाचा 1971 चा निबंध सशाचे अस्तर खरवडल्यावर ते परत कसे येते यावर आहे. अस्तर परत येत होते! स्त्रीमध्ये ज्या क्रियेने पिशवी चिकटते, तीच क्रिया सशावर केली तर पिशवी सावरत होती. चिकटवायचे तर काहीतरी जास्त करायला हवे होते. 1973 मध्ये पोलिशुक आणि शेंकर यांनी सशाच्याच शरीरातल्या, तंतू बनवणाऱ्या पेशी पिशवीत ठेवून आतून चिकटणे घडवल्याचे प्रसिद्ध केले. प्राण्यात मुद्दाम घडवलेल्या आजाराचा, म्हणजे 'मॉडेल'चा, पुढचा सगळा इतिहास या 'जास्त काहीतरी'चाच आहे, असे मला वाटते. प्राणी बरा होऊ नये म्हणून प्रत्येक पिढीने जखमेत नवी भर घातली.

सशांमध्ये खरवडण्याबरोबर जंतुदाह आणला गेला. जिवाणूंच्या कवचातला लायपोपॉलिसॅकराइड हा पदार्थ लावलेला धागा पिशवीत ठेवून दोन दिवसांनी काढायचा. घुशींमध्ये भूल देऊन पोट उघडायचे आणि पिशवीत 95 टक्के अल्कोहोल काही मिनिटे भरून ठेवायचे. काहींनी ट्रायक्लोरोअॅसेटिक आम्ल वापरले. लहान उंदरात सुईने आतून ओरखडे काढले. अल्कोहोल अस्तर जाळते खरे, पण ठाण्यातल्या कुठल्या बाईच्या पिशवीत कोणी अल्कोहोल भरलेले नसते. त्यातून मिळते ते बहुतेकदा पातळ, सुकलेले अस्तर. भिंतींमधले घट्ट पडदे मिळतीलच असे नाही. घुशीत अस्तराची जाडी वाढवणारे औषध बाईचे चिकटलेले पडदे सोडवेल, हे म्हणूनच गृहीत धरता येत नाही.

तरीही घूस आणि ससा टिकले, त्यामागे सोयीचे कारण आहे. त्यांच्या पिशवीला दोन लांब फाटे असतात. एका फाट्याला जखम करायची, दुसरा तसाच ठेवायचा, आणि नर सोडल्यावर दोन्हीकडे किती गर्भ रुजले ते मोजायचे. तुलनेसाठी वेगळा प्राणी लागत नाही, संप्रेरकांचा फरकही उरत नाही. स्वस्त, चोख आणि आकड्यात मांडता येणारे. निबंध लिहिणाऱ्याला आणखी काय हवे?

स्टेम सेलचा अध्याय तर उलट्या क्रमाने घडला. 2004 मध्ये अमेरिकेत ह्यू टेलर यांनी अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालेल्या स्त्रियांच्या गर्भपिशवीच्या अस्तरात दात्याच्या पेशी सापडल्याचे दाखवले. यानंतर आधी उंदीर आणि मग माणूस असा रस्ता अपेक्षित होता. प्रत्यक्षात 2011 मध्ये अहमदाबादच्या नागोरी, पांचाल आणि पटेल यांनी गंभीर अॅशरमन असलेल्या एका स्त्रीला तिच्याच अस्थिमज्जेतल्या पेशी दिल्याचे आणि नंतर आयव्हीएफने गर्भ राहिल्याचे प्रसिद्ध केले. 2014 मध्ये दिल्लीच्या एम्समधून सहा स्त्रियांची माहिती आली. येल विद्यापीठातला उंदरांचा गाजलेला प्रयोगही 2014 चाच. त्यात सुईने जखम केलेल्या दहापैकी तीन माद्यांना गर्भ राहिला, आणि अस्थिमज्जेच्या पेशी दिलेल्या दहापैकी नऊ माद्यांना. 2016 मध्ये स्पेनच्या गटाने स्त्रियांवर अशाच पेशी वापरल्या. 18 जणी घेतल्या, 16 जणींचा उपचार पूर्ण झाला, पण तुलनेसाठी उपचार न घेतलेला गट नव्हता. म्हणजे "आधी उंदरांवर सिद्ध झाले, मग बायकांवर आले" ही दवाखान्यात सांगितली जाणारी गोष्ट निदान आपल्या देशापुरती खरी नाही. उंदीर बऱ्याच अंशी मागाहून आला. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांपलीकडे स्टेम सेल फक्त मंजूर चाचणीतच वापरता येतात. सानपाड्यात कोणी पॅकेजचा दर सांगत असेल, तर त्या चाचणीची कागदपत्रे मागायला हरकत नसावी.

बाईच्या सगळ्यात जवळचे मॉडेल माकडाचे. 2020 मध्ये चीनमधल्या गटाने ऱ्हीसस माद्यांत पिशवी चिकटवून, नाळेतल्या पेशी आणि हायल्युरोनिक आम्लाचा जेल एकत्र वापरून पाहिला. इतके उशिरा का? माकड महाग, संख्या कमी, आणि नैतिक प्रश्न टोकदार. भारताने ऱ्हीससच्या निर्यातीवर 1977 मध्ये बंदी जाहीर केली, ती 1978 पासून लागू झाली. आपल्याकडे 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली नेमलेली समिती आणि 1998 चे नियम आहेत. उंदीर-सशांचा प्रयोग संस्थेच्या नीतिसमितीत ठरतो, माकडासाठी केंद्रीय समितीकडे जावे लागते. परळच्या राष्ट्रीय प्रजनन व बाल स्वास्थ्य संशोधन संस्थेत गर्भ आणि पिशवी यांच्या नात्यावर बॉनेट माकडांमध्ये काम झाले आहे. येऊरच्या वाटेवर जी माकडे हातातल्या पिशव्या हिसकावतात, त्यांचेच हे भाऊबंद.

2017 मध्ये ऑस्ट्रेलियातून एक बातमी आली, की काटेरी उंदराला पाळी येते. साधारण नऊ दिवसांचे चक्र. पाळी येणारा हा पहिलाच कृंतक (उंदरासारखा कुरतडणारा प्राणी), म्हणून आनंद झाला. पण काटेरी उंदरांच्या याच अॅकोमिस वंशातले आफ्रिकी उंदीर कातडीची मोठी जखम व्रण न ठेवता भरून काढतात, हे 2012 मध्येच दिसले होते. व्रणाचा अभ्यास करायला ज्याला व्रणच पडत नाही त्याचा भाऊ! त्याच 2017 मध्ये केंब्रिज आणि ल्यूव्हेनच्या गटांनी अस्तराच्या पेशींचे सूक्ष्म गोळे, म्हणजे ऑर्गनॉइड्स, ताटलीत वाढवून दाखवले. 2023 मध्ये भारताच्या औषध चाचणी नियमांतही प्राण्यांखेरीजच्या अशा पद्धतींना जागा मिळाली. पण ताटलीतल्या गोळ्याला समोरासमोरच्या भिंती नसतात, म्हणून दोन भिंती कशा चिकटतात याचे उत्तर त्यात मिळत नाही.

यातला आपल्या भागाच्या दृष्टीने मोठा खड्डा क्षयरोगाचा. भारतात पिशवी आतून चिकटण्यामागे जननेंद्रियांचा टीबी हे महत्त्वाचे कारण आहे, युरोप-अमेरिकेत ते दुर्मिळ. वर आलेल्या मॉडेलांत क्युरेट आहे, सुई आहे, अल्कोहोल आहे, जिवाणूच्या कवचाचा अर्क आहे. वर्षानुवर्षे पिशवीत दबा धरून बसलेला क्षयाचा जंतू एकातही नाही. त्यामुळे ठाण्याच्या दवाखान्यात टीबीची औषधे संपवून, अस्तर सहा मिलिमीटरवर अडकलेली बाई आणि येलच्या दहातल्या नऊ उंदरिणी, यांच्यात तुलना करण्यासारखे फारच थोडे आहे.