बालकांमधील यकृतविकार व रक्तस्राव-प्रतिबंध

जुनाट यकृतविकार असलेल्या मुलाच्या अन्ननलिकेतील किंवा जठरातील फुगलेल्या शिरा फुटू नयेत, एकदा फुटल्यास पुन्हा फुटू नयेत, यासाठीची उपाययोजना. यकृत निबर झाले की आतड्यांकडून येणारे रक्त त्यात अडते, ते रक्त यकृतात आणणाऱ्या पोर्टल शिरेतला दाब वाढतो आणि रक्त आडवाटेने अन्ननलिकेच्या पातळ शिरांत शिरते. काही मुलांत यकृत ठीक असून पोर्टल शीरच गुठळीने बंद झालेली असते. नाळेतला जंतुसंसर्ग हे त्याचे एक कारण. सांगलीसारख्या हळदीच्या पेठेत हे सांगणे अवघड, पण नाळेला हळददेखील लावू नये. ती कोरडीच ठेवावी.

प्रतिबंध खरे तर बाळंतिणीच्या खोलीत सुरू होतो. दोन आठवड्यांनंतरही डोळे पिवळे, शी शाडूसारखी पांढुरकी आणि लघवीने दुपट्यावर पिवळा डाग, अशी लक्षणे म्हणजे पित्तनलिका बंद असल्याची शंका. पित्त अडून राहिले की यकृत निबर होत जाते. आतडे थेट यकृताला जोडून पित्ताला वाट देणारी कासाई शस्त्रक्रिया (मोरिओ कासाई, जपान, १९५९) साधारण ६० दिवसांच्या आत झाली तर पित्त वाहू लागण्याची शक्यता अधिक. हेच दिवस कावीळ उतरवण्याच्या माळेत आणि पाल्यात जातात.

शिरा किती फुगल्या आहेत हे दुर्बिणीतून दिसते. मोठ्या, लाल ठिपके असलेल्या शिरांना रबरी कडी घालून त्या बांधतात. दहा किलोंखालच्या बाळाच्या घशातून ते उपकरण सहसा उतरत नाही. तिथे शिरेत औषध टोचून ती बुजवतात. एकदा रक्तस्राव झालेल्या मुलात शिरा नाहीशा होईपर्यंत काही आठवड्यांच्या अंतराने बांधणी करतात. पोर्टल शिरेतला दाब उतरवण्यासाठी मोठ्यांना सर्रास दिले जाणारे प्रोप्रॅनोलॉल हे औषध मुलांत किती उपयोगी, याचा भक्कम पुरावा नाही. शिवाय रक्त गेल्यावर मूल नाडी वाढवून तग धरते आणि हे औषध नेमकी तीच रोखते. दमा असेल तर ते टाळतात. पहिल्या रक्तस्रावाआधीच बांधणी करावी का, यावर तज्ज्ञांत एकमत नाही. जत किंवा आटपाडीच्या वाडीवरून मिरजेचे मोठे रुग्णालय गाठायला दोन तास लागत असतील, तर तो प्रवासही या निर्णयात धरावा.

घरात पाळायची गोष्ट एकच, पण मोठी: तापावर आयबुप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिन देऊ नये. दुकानातून ‘तापाचं औषध’ म्हणून आणलेल्या बाटलीत पॅरासिटामॉलसोबत आयबुप्रोफेन असू शकते, म्हणून लेबल वाचावे. पॅरासिटामॉलही डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेतच.

काकवीसारखी काळी, चिकट, उग्र वासाची शी किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी म्हणजे आत रक्त गेले आहे. लोहाच्या टॉनिकनेही शी काळी होते, पण चिकट आणि तसल्या वासाची सहसा नसते. शंका असली तरी सकाळची एसटी धरण्यासाठी थांबू नये. १०८ ला फोन करावा आणि मुलाला तोंडाने काही देऊ नये.