गेनिझा म्हणजे ज्यूंचं दफ्तर नव्हे

कैरोच्या गेनिझाची, म्हणजे तिथल्या ज्यूंनी टाकून दिलेल्या जुन्या कागदांच्या साठ्याची, ओळख करून देताना ‘ज्यूंचा जुना दफ्तरखाना’ असं म्हणून टाकण्याचा मोह होतो. दोन्हीकडे जुने कागद, दोन्हीकडे डोळे ताणून वाचणारे इतिहासकार, त्यामुळे गल्लत होणं साहजिक आहे. पण ही गल्लत राहिली, तर हे कागद वाचणाऱ्यांच्या कामाची खरी अडचणच लक्षात येत नाही.

दफ्तर आपल्या ओळखीचं आहे. पुण्याच्या पेशवे दफ्तरातले कागद रुमालात बांधून ठेवले गेले ते उद्या पुन्हा लागतील म्हणून. वसुलाचा हिशेब, इनामाचा वाद, कोणाला काय दिलं याचा पुरावा. कागद ठेवणाऱ्याला तो पुन्हा सापडायला हवा होता.

गेनिझात टाकलेला कागद कोणालाच पुन्हा नको होता. देवाचं नाव असलेला मजकूर जाळायचा नाही, केरात टाकायचा नाही. बाजूला ठेवून पुढे जमिनीत पुरायचा, अशी ज्यू परंपरा. फाटकी पोथी रद्दीत न घालता वाहत्या पाण्यात सोडणाऱ्या घरात वाढलेल्यांना ही भावना समजावून सांगावी लागणार नाही. जुन्या कैरोतल्या, म्हणजे फुस्तातच्या बेन एझ्रा सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, मात्र या कागदांचा मोठा साठा पुरला न जाता एका कोठडीत शतकानुशतकं साचत राहिला. तिथले ज्यू अरबी भाषा हिब्रू लिपीत लिहीत, जशी आपल्याकडे मराठी मोडीत. त्यामुळे धर्मग्रंथांच्या पानांबरोबर व्यापाऱ्यांची पत्रं, लग्नाचे करार, उधारीच्या याद्या, मुलांनी गिरवलेली अक्षरं असं सगळंच त्या ढिगात गेलं.

दफ्तरात एक कागद दुसऱ्याकडे नेतो. एखादा रुमाल गायब असेल, तर तो कोणी आणि का काढला असेल, हेही विचारता येतं. गेनिझात अशी वाट नाही. पत्र आहे, पण त्याचं उत्तर नाही. आणि ते नसण्यावरून काहीच सिद्ध होत नाही. त्यात ढीगही एका जागी राहिला नाही. केंब्रिजचे अभ्यासक सॉलोमन शेख्टर यांनी 1896-97च्या हिवाळ्यात सुमारे 1,93,000 तुकडे केंब्रिजला नेले; बाकीचे ऑक्सफर्ड, न्यूयॉर्क, बुडापेस्ट, सेंट पीटर्सबर्ग असे विखुरले. एकाच पत्राचा वरचा भाग एका देशात आणि खालचा दुसऱ्या देशात, असं घडतं. म्हणून या क्षेत्रातलं आंतरराष्ट्रीय सहकार्य म्हणजे परिषदांमधलं सौजन्य नव्हे. ते नसेल तर वाक्यच पूर्ण होत नाही.

इतिहासकार एस. डी. गॉयटाइन (1900-1985) यांनी आयुष्याची शेवटची काही दशकं यातच घातली. जर्मनीत जन्म, जेरुसलेममध्ये अध्यापन, मग अमेरिका. गेनिझा ही दफ्तराच्या उलट गोष्ट आहे, हे त्यांनीच स्पष्ट मांडलं आणि हजारो टिपणकार्डं लिहून स्वतःची मांडणी उभी केली. भारताशी व्यापार करणाऱ्यांची पत्रं त्यांनी वेगळी काढली. ते गेल्यावर तेल अवीवचे अभ्यासक मोर्देखाय फ्रीडमन यांनी ते काम पुढे नेलं. त्यावरचा इंग्रजी ग्रंथ 2008 मध्ये निघाला.

त्यातला अब्राहम बेन यिजू हा व्यापारी ट्युनिशियातल्या महदियाचा. बाराव्या शतकात तो बरीच वर्षं मंगळूरकडे राहिला आणि काशाची भांडी घडवून घेत असे. आशू या दासीला त्याने 1132 मध्ये मुक्त केलं. तो मुक्तिलेख आज सेंट पीटर्सबर्गमध्ये आहे, आणि एडनचा व्यापारी मदमून याने बेन यिजूला पाठवलेली पत्रं केंब्रिजमध्ये. मदमून सामानाबरोबर त्याला इजिप्तचा कागदही भेट पाठवी, कारण इकडे कागद मिळत नसे. मग आलेल्या पत्राच्या कोऱ्या पाठीवर बेन यिजू आपला हिशेब मांडी. दुसऱ्या एका पत्रात मंगळूरचा एक नाखोदा आपल्या मेहुण्याला धीर देतो: चाच्यांनी लुटल्याचं कळलं, भडोचहून परत ये, पैसे लागले तर ठाण्यातल्या नाखोद्याकडून घे. हा ‘नाखोदा’ म्हणजे आपल्या कोळीवाड्यातला नाखवाच. हा शब्द पहिल्यांदा ओळखला तेव्हा मी किती तरी वेळ त्या पानावरच थांबलो होतो.

एक गुंता मात्र उरतो, आणि मला तोच सर्वांत मोलाचा वाटतो. त्या काळी इजिप्तवर राज्य करणाऱ्या फातिमी खलिफांचे हुकूम लांबलचक गुंडाळीवर लिहीत आणि दोन ओळींमध्ये भरपूर जागा मोकळी सोडत. अशा गुंडाळ्यांचे कापलेले तुकडे ज्यू लेखनिकांच्या हाती आले. त्यांनी त्या मोकळ्या जागेत हिब्रू प्रार्थनागीतं लिहिली, आणि वापरून झाल्यावर ते तुकडे गेनिझात गेले. प्रिन्स्टनच्या मरीना रस्टो यांनी या तुकड्यांचा बारकाईने अभ्यास करून दाखवलं की, दफ्तरं नव्हतीच असं मानलं गेलेल्या त्या राज्यात ती व्यवस्थित राखली जात होती. त्यांचे अवशेष सापडले ते प्रार्थनेच्या ओळींमागे, ठळक अरबी अक्षरांत.