दिवा दिसला, घर दिसेना

१८३५ साली इंग्रज खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेल केप ऑफ गुड होपला मुक्काम ठोकून होता. वीस फुटी दुर्बिणीतून दक्षिणेचं आकाश पट्ट्यापट्ट्याने चाळताना, फोर्नॅक्स म्हणजे 'भट्टी' या फिकट तारकासमूहात त्याला धुक्याचा एक बारीक ठिपका सापडला. पुढे 'एनजीसी' या आकाशस्थ वस्तूंच्या यादीत त्याची नोंद एनजीसी १०४९ अशी झाली. हा ठिपका म्हणजे असंख्य तारे दाटीवाटीने कोंबलेला बंदिस्त तारकागुच्छ आहे आणि तो आपल्या आकाशगंगेतला नाहीच, हे कळायला आणखी शंभर वर्षं लागली.

कारण तो ज्या दीर्घिकेत, म्हणजे ताऱ्यांच्या दुसऱ्या महाकाय वस्तीत राहतो, तीच कुणाला दिसली नव्हती. १९३८ मध्ये अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ हार्लो शेप्लीने दक्षिण आफ्रिकेत घेतलेल्या फोटोंच्या काचांवरून फोर्नॅक्स बटुदीर्घिका, म्हणजे छोटेखानी दीर्घिका, जाहीर केली. आकाशात ती पूर्ण चंद्राहून लहान नाही, पण इतकी विरळ की तिच्या आरपार मागच्या दूरच्या दीर्घिका दिसतात. आजही हौशी निरीक्षकाला दुर्बिणीत दिसतो तो हा गुच्छच. कितीही फोकस केला तरी टोकदार न होणारा, हट्टी तारा वाटावा असा. भोवतालची दीर्घिका बहुधा मानूनच घ्यायची. अंतर सुमारे साडेचार लाख प्रकाशवर्षं. हा प्रकाश निघाला तेव्हा आपली मानवजात अजून अवतरायची होती.

एनजीसी १०४९ एकटा नाही. त्याच्यासारखे आणखी चार गुच्छ तिथे फार पूर्वीपासून माहीत आहेत, आणि खरा घोळ तिथेच आहे.

सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी १९४३ मध्ये दाखवलं, की ताऱ्यांच्या गर्दीतून एखादी जड वस्तू निघाली तर तिला ब्रेक लागतो. टक्कर कुठेच होत नाही. ती वस्तू आजूबाजूच्यांना आपल्याकडे ओढते, पण ते तिच्याकडे वळेपर्यंत स्वतः पुढे निघून गेलेली असते. त्यामुळे तिच्या पाठीमागे दाटी होते आणि ती दाटीच तिला मागे खेचते. याला गतिकीय घर्षण म्हणतात. कृष्णपदार्थाचे, म्हणजे न दिसणाऱ्या पण ओढ लावणाऱ्या पदार्थाचे कणही हेच करतात, आणि या बटुदीर्घिकेचं वजन मुख्यतः त्यांचंच आहे.

म्हणजे गुच्छांचा वेग हळूहळू मरायला हवा, कक्षा आक्रसायला हव्यात आणि शेवटी सगळे केंद्रात बुडून त्यांचा एकच झगझगीत गोळा व्हायला हवा. साध्या गणिताने याला काही अब्ज वर्षं पुरतात. गुच्छांचं वय मात्र बहुतेक दहा अब्ज वर्षांच्या वर, आणि केंद्रात तसा गोळा नाही. १९७६ मध्ये खगोलशास्त्रज्ञ स्कॉट ट्रेमेन यांनी बोट ठेवलेलं हे कोडं अजून पुरतं सुटलेलं नाही.

एक उत्तर असं, की गुच्छ जन्मले तेव्हाच केंद्रापासून बरेच लांब होते. दुसरं मला जास्त आवडतं: कृष्णपदार्थ मध्यभागी टोकदार ढिगासारखा साचलेला नसून पसरट, एकसारख्या घनतेचा असावा. अशा सपाट गाभ्याच्या काठाशी आल्यावर घर्षण जवळजवळ थांबतं आणि गुच्छ तिथेच रेंगाळतात. पण कृष्णपदार्थाची नेहमीची संगणकीय गणितं टोकदार ढीगच दाखवतात. न दिसणाऱ्या पदार्थाची घडण काही ठिपक्यांच्या चालीवरून ताडायची, असा हा उद्योग आहे.

मधल्या काळात सहावाही गुच्छ पक्का झाला, २०१९ मध्ये. तो शेप्लीच्याच काळात नोंदला गेला होता. फिकट आहे, आणि गोल नाही, चांगलाच लांबट आहे. बहुधा दीर्घिकेच्या ओढीने त्याचे तारे विस्कटू लागलेत.