डावी गोगलगाय, उजवी गोगलगाय

मृगाचा पाऊस पडला की साताऱ्यात आमच्या परसात कढीपत्त्याखाली गोगलगाई निघतात. ही क्रिप्टोझोना बायस्ट्रिआलिस, सखल मुलखात सर्रास दिसणारी. गेल्या पावसाळ्यात यवतेश्वरच्या घाटात ओढ्याकाठी तिच्यासारखाच एक रिकामा शंख सापडला. घरी आणून दोन्ही शेजारी ठेवले, तर एक दुसऱ्याचं आरशातलं रूप! घाटातली होती एरिओफँटा. लेव्हिपेस ही तिची सह्याद्रीतली जात. दोघी एकाच कुळातल्या, पण परसातली उजवी आणि घाटातली डावी.

ओळखायचं कसं? शंखाचं टोक वर आणि तोंड आपल्याकडे धरा. तोंड उजव्या हाताला आलं तर उजवी, डाव्या हाताला आलं तर डावी. देवघरातला दुर्मीळ दक्षिणावर्ती शंख या मापाने डावा ठरतो, कारण आपण तो उलटा, निमुळती बाजू वर करून पाहतो.

उलटा फक्त शंखच नसतो, आतलं अंगही उलटं असतं. उजवीचं जननद्वार डोक्याच्या उजव्या बाजूला, डावीचं डाव्या. त्यामुळे समोरासमोर आल्या तरी अशा दोघींचं मीलन जमणं अवघड. मग उजव्यांच्या गर्दीत जन्मलेल्या पहिल्या डावीला जोडीदार मिळाला कुठून?

मला सगळ्यात विलक्षण वाटतं ते याचं उत्तर. पिल्लाचा पीळ त्याचं स्वतःचं जनुक ठरवत नाही, आईचं जनुक ठरवतं. तळ्यातल्या लिम्निया गोगलगाईंवरून हे १९२३ साली उलगडलं. अंड्यात आईने भरून ठेवलेला ऐवज पहिल्या काही पेशी कोणत्या बाजूला कलणार ते ठरवतो, आणि शंख पुढे तसाच वळतो. समजा, उजवं जनुक वरचढ आहे आणि डावं वळवणारं जनुक एखाद्या पिल्लाला दोन्हीकडून मिळालं. आईकडे उजवं जनुकही असेल, तर पिल्लू दिसायला उजवंच राहतं. सहज जोडीदार मिळवतं, अंडी घालतं, आणि त्या अंड्यांतून निघालेली सगळीच्या सगळी पिल्लं डावी! अशी डावी एकटी जन्मत नाही, जन्मते ती अख्खी वीण. गोगलगाय फार लांब जात नाही, म्हणून ही भावंडं त्याच ओढ्याकाठी राहतात आणि एकमेकांशीच जुळतात. डाव्यांची वस्ती अशी उभी राहू शकते.

श्रावणात पुन्हा त्या ओढ्यावर गेलो. पाचोळ्याखाली आणखी तीन शंख मिळाले. तिन्ही डावे.